विज्ञानपटांचे नवे अवतार



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं कांहींसा हलका वाटण्याचा संभव आहे. अमेरिकेंत हॉलिवूड येथें निघालेले जुने नांवाजलेले विज्ञानपट पुन्हां पुन्हां नव्यानें कां काढले जातात, आणि त्यांत पैसे मिळविण्यापलीकडे कांहीं अर्थ आहे कीं काय, हा तो विषय होय. परंतु जुनी गोष्ट नव्या पिढीस कशी सांगावी, आणि तिच्यांतील काय न सांगतां सोडावें, हा प्रश्न कीर्तनकारापुढें असतो, तसाच तो शिक्षकापुढेंहि असतो. माझा सारा जन्म तेच ते धडे नव्या नव्या वर्गांना शिकविण्यांत गेला असल्यामुळें या विषयाविषयीं मला आपुलकी वाटते.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट करूं. मूळ कथानक घेऊन चित्रपट नव्या नटांसह नव्यानें काढला म्हणजे त्यास रीमेक म्हणतात. आपण त्यास पुनर्निर्मिति म्हणूं. मूळ चित्रपट जेथें सुरू होतो त्याच्या आधीं काय घडलें तें मागाहून सांगितलें म्हणजे तो प्रीक्वल, अर्थात् पूर्वकथा. निर्मात्यांना या दोहोंचा मोह पडतो याचें कारण उघड आहे. एका चित्रपटास कोट्यवधि डॉलर लागतात. नव्या नांवाची ओळख लोकांना करून देण्यास पुष्कळ खर्च येतो. जुनें नांव आपली ओळख आपल्याबरोबर घेऊन येतें. हा व्यापार झाला. व्यापारांतून चांगली वस्तु निघूं नये असा कांहीं नियम नाहीं. म्हणून निघालेली वस्तु कशी आहे हें पाहणेंच योग्य. त्यासाठीं मी एकच कथा घेतों, कारण तिच्या वांट्यास पुनर्निर्मितीहि आली आणि पूर्वकथाहि आली.

१९३८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील ‘अस्टाउंडिंग’ या मासिकांत ‘हू गोज देअर?’ नांवाची एक दीर्घकथा प्रसिद्ध झाली. लेखक जॉन कॅम्बेल हे स्वतःच त्या मासिकाचे संपादक होते; त्यांनीं ती डॉन स्टुअर्ट या टोपणनांवानें छापली. दक्षिण ध्रुवाकडील बर्फांत सदतीस माणसांची एक शास्त्रीय तुकडी राहत आहे. तिला बर्फाखालीं गोठलेला एक परग्रहावरील प्राणी सांपडतो. बर्फ वितळतांच तो जिवंत होतो, आणि त्याची शक्ति अशी कीं, ज्या जिवाला तो गिळतो त्याचें हुबेहूब रूप धारण करतो. म्हणजे शेजारीं बसलेला सोबती हा खरोखर सोबतीच आहे, कीं त्याच्या रूपानें तो प्राणी बसला आहे, हें ओळखावयाचें कसें? अखेर एक युक्ति निघते. या प्राण्याच्या शरीराचा प्रत्येक अंश स्वतंत्र जीव असतो. म्हणून प्रत्येकाचें थोडें रक्त घेऊन त्याला तापलेली तार लावावयाची. माणसाचें रक्त निमूट जळेल. त्या प्राण्याचें रक्त जीव वांचविण्यासाठीं धडपडेल. या परीक्षेंतच कथेचा प्राण आहे.

या कथेवरून १९५१ सालीं पहिला चित्रपट निघाला. त्याचें नांव ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’. दिग्दर्शक म्हणून ख्रिश्चन नायबी यांचें नांव आहे, व निर्माते हॉवर्ड हॉक्स होत. कथा दक्षिण ध्रुवावरून उत्तर ध्रुवाच्या प्रदेशांत नेली गेली. त्यांतील एक प्रसंग विसरतां येत नाहीं. बर्फाखालीं कांहीं तरी गाडलें गेलें आहे. त्याचा आकार समजावा म्हणून मंडळी त्याच्या कडेकडेनें हात पसरून उभी राहतात, आणि पाहतात तों त्यांचें वर्तुळ झालेलें! प्रेक्षकाला कळतें कीं खालीं उडती तबकडी आहे. मात्र या चित्रपटांतील प्राणी रूप पालटीत नाहीं. तो वनस्पतीच्या जातीचा, रक्तावर जगणारा, माणसासारखा उंच राक्षस आहे. रूपांतर दाखविणें त्या काळच्या साधनांनीं फार कठीण होतें हें खरें; परंतु त्या काळाची भीतीहि निराळी होती. १९४७ पासून अमेरिकेंत उडत्या तबकड्यांची वार्ता पसरली होती, १९५० सालीं कोरियाचें युद्ध सुरू झालें होतें. शत्रु बाहेरून येणार, आणि आपण एकजुटीनें त्याला मारणार, अशी ती मनःस्थिति होती. चित्रपटांत तसेंच घडतें. विजेच्या झोतानें राक्षस भस्म होतो आणि एक बातमीदार साऱ्या जगाला आकाशावर नजर ठेवण्याचा इशारा देतो.

एकतीस वर्षांनीं, १९८२ सालीं, जॉन कार्पेंटर यांनीं ‘द थिंग’ हा चित्रपट काढला. जुन्या चित्रपटावर त्यांचें प्रेम होतें. आपल्या १९७८ च्या ‘हॅलोवीन’ चित्रपटांत मुलें घरीं टेलिव्हिजनवर तोच चित्रपट पाहत आहेत असें त्यांनीं दाखविलें आहे. तरीहि त्यांनीं त्याची नक्कल केली नाहीं. तें आणि पटकथाकार बिल लँकेस्टर थेट १९३८ च्या कथेकडे परत गेले. दक्षिण ध्रुव परत आला, रूप पालटणारा प्राणी परत आला, आणि तापल्या तारेची रक्तपरीक्षाहि परत आली. बारा माणसें, बाहेर रक्त गोठविणारी थंडी, आंत परस्परांविषयीं संशय. प्राण्याचीं भयंकर रूपांतरें रॉब बोटिन या अवघ्या बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणानें प्रत्यक्ष हातानें घडविलेल्या पुतळ्यांतून दाखविलीं. व्हिएतनामचें युद्ध आणि वॉटरगेटचें प्रकरण पाहिलेल्या अमेरिकेला आतां एकजुटीची खात्री उरली नव्हती. तो संशय या चित्रपटांत उतरला आहे असें मला वाटतें. शेवटीं जळत्या तळासमोर दोन माणसें बसून राहतात. दोघेहि माणसेंच आहेत कीं नाहींत हें त्यांना ठाऊक नाहीं, आणि आपल्यालाहि सांगितलें जात नाहीं.

लोकांनीं या चित्रपटाचें स्वागत केलें नाहीं. तो २५ जून रोजीं प्रदर्शित झाला, आणि त्याच्या दोनच आठवडे आधीं परग्रहावरील गोजिरवाण्या पाहुण्याचा ‘ई. टी.’ लोकांपुढें आला होता. पुष्कळ टीकाकारांनीं ‘द थिंग’ला किळसवाणा ठरविलें, धंदाहि बेताचाच झाला. आज मात्र तो विज्ञानपटांतील श्रेष्ठ कृतींत गणला जातो. ‘जुन्याची पुनर्निर्मिति’ एवढ्यावरूनच नाक मुरडणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां पूर्वकथेकडे वळूं. १९८२ च्या चित्रपटाच्या आरंभीं एक हेलिकॉप्टर एका कुत्र्याचा पाठलाग करीत येतें. त्यांत नॉर्वेच्या तळावरील माणसें असतात. तीं मरतात, आणि अमेरिकन मंडळी त्यांच्या तळावर जाऊन पाहतात. तळ जळून गेलेला. एक कुऱ्हाड रुतून बसलेली. गळा चिरलेला एक माणूस खुर्चींत गोठलेला. आंतून पोकळ झालेला बर्फाचा मोठा ठोकळा. आणि दोन चेहरे एकमेकांत वितळलेलें एक प्रेत. येथें काय घडलें हें सांगण्यास कोणी उरलेलें नाहीं. तें आपण मनानें रचतों, आणि पुढें या तळावरहि तेंच घडणार या जाणिवेनें अंगावर कांटा उभा राहतो.

२०११ सालीं मॅथाइस फान हायनिंगन यांनीं याच नॉर्वेच्या तळाची कथा सांगणारा चित्रपट काढला. त्याचेंहि नांव ‘द थिंग’च. त्यांतील मंडळींनीं कष्ट कमी केले नाहींत. जुन्या चित्रपटांतील तळ बारकाईनें पाहून त्यांनीं तो पुन्हां उभारला. एक युक्तीहि नवी काढली: हा प्राणी मांस आणि रक्त यांची नक्कल करतो, पण धातूची करूं शकत नाहीं, तेव्हां ज्याच्या दांतांत पूर्वीं भरलेलें धातूचें पूरण दिसेल तो नक्की माणूस. ही कल्पना कॅम्बेल यांच्या परीक्षेच्या शेजारीं शोभण्यासारखी आहे. तरीहि चित्रपट मनांत राहत नाहीं, आणि त्यानें पैसाहि मिळविला नाहीं. हातानें घडविलेल्या आकृतींवर मागाहून संगणकाच्या चित्रांचें आवरण घातलें गेलें, हें एक कारण सांगतात. मला खरें कारण निराळें दिसतें. कुऱ्हाड तेथें कां राहिली, खुर्चींतील माणूस कसा मेला, दोन चेहऱ्यांचें प्रेत कसें झालें, अशा साऱ्या कोऱ्या जागा भरणें हेंच त्या चित्रपटाचें काम होऊन बसलें. जी गोष्ट न सांगण्यांत जुन्या चित्रपटाचें बळ होतें तीच येथें सांगितली गेली.

येथें कोणी विचारील कीं, शेवट आधींच माहीत असला म्हणून काय बिघडलें? हरिश्चंद्राचें आख्यान आपल्या पाठ असतें, तरी आपण कीर्तनास बसतोंच. हा आक्षेप रास्त आहे. पण हरिश्चंद्राचा शेवट ठाऊक असला तरी प्रत्येक वेळीं त्याला सत्याची निवड करावी लागते, आणि ती निवड आपल्यासमोर नव्यानें होते. पूर्वकथेंतहि तें साधतां येतें. त्याच २०११ सालीं ‘राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’ हा चित्रपट आला. १९६८ च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’मध्यें पृथ्वीवर वानरांचें राज्य असतें. तें राज्य मुळांत कसें उद्भवलें असेल याची ही नवी मांडणी. शेवट कोणत्या दिशेनें जाणार हें तिकीट काढतांनाच कळतें. परंतु माणसाच्या घरीं वाढलेला सीझर नांवाचा चिंपांझी आपल्या पालकाकडे राहील कीं आपल्या जातीकडे जाईल, हा पेंच खरा आहे; आणि तो प्रथम तोंड उघडून जो शब्द उच्चारतो तो नकाराचा असतो. तेथें आपण खिळून बसतों.

पुनर्निर्मितीलाहि हाच न्याय लावावा. ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ १९५६ सालीं एका लहान गांवांत घडला होता; आपला शेजारी आतां आपला शेजारी राहिलेला नाहीं, ही त्यांतील भीति. फिलिप कॉफमन यांनीं तो १९७८ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहरांत नेला, जेथें शेजाऱ्याची ओळख मुळांतच नसते. कथा तीच, पण प्रश्न आणखी खोल गेला.

तात्पर्य, जुन्या कथेस नवा प्रश्न विचारणारा चित्रपट, मग तो पुनर्निर्मिति असो वा पूर्वकथा, पाहण्यास योग्य. जुन्या कथेचीं केवळ रिकामीं स्थळें भरणारा नव्हे. आणि ज्यांना हे तिन्ही चित्रपट पाहावयाचे असतील त्यांना एक सूचना. घरांतील तरुण मंडळी म्हणतील कीं, कथेच्या क्रमानें २०११ चा आधीं पाहूं. तसें करूं नये. ते ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें पाहावे: १९५१, १९८२, आणि मग २०११. नॉर्वेच्या त्या जळक्या तळांत पहिलें पाऊल टाकतांना आपल्याला कांहींहि माहीत नसावें. तो अज्ञानाचा आनंद एकदां गेला म्हणजे पुन्हां मिळत नाहीं.