जांभ्यावरची फुले

कास पठारावर कोणती वनस्पती जगेल, हे सर्वांत आधी खडक ठरवतो. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून १,२०० मीटरच्या आसपास असलेल्या या पठाराचा माथा जांभ्याचा आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्टमधली विरघळणारी द्रव्ये लक्षावधी वर्षांच्या पावसाने धुऊन नेली आणि मागे मुख्यतः लोह व ॲल्युमिनियमची संयुगे उरली, तोच हा जांभा. जांभ्यावर साचणारी माती त्यामुळे आम्लधर्मी, नत्र-स्फुरदाने दरिद्री, आणि कित्येक ठिकाणी जेमतेम काही सेंटिमीटर जाडीची. मोठ्या झाडाला मुळे रोवायला इथे जागाच नाही. झाडी आहे ती पठाराच्या कडांना आणि खडकाच्या खोल भेगांत माती साठली आहे तिथे.

पाण्याचा कारभार तर दोन टोकांचा. जून ते सप्टेंबर मातीत इतके पाणी साचते की तिच्या कणांमधली हवा निघून जाते आणि मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो. पाऊस सरला की तोच कातळ उन्हाने तापतो आणि ओलावा टिकत नाही. गेंद या वनस्पतीच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असल्याने तिला चिखल बाधत नाही. तेरड्यासारख्या वर्षायू वनस्पती पावसाळ्याच्या चार महिन्यांतच उगवतात, फुलतात आणि बी टाकून संपतात. आभाळी ही वनस्पती कंदाच्या रूपाने मातीखाली कोरडा काळ काढते. उथळ पाण्यात वाढणारा प्रदेशनिष्ठ वायतुराही तसाच कंदावर तग धरतो. खोलगट भागात दोन बोटे माती अधिक असली तरी तिथली वनस्पती बदलते. कासच्या फुलांचे रंगीत पट्टे म्हणजे खरे तर माती आणि पाण्याचा नकाशाच.

नत्राच्या टंचाईवरचे उपाय सर्वांत विलक्षण आहेत. दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती पानांवरच्या चिकट ग्रंथींनी किडे पकडते आणि पाचकरसांनी त्यांतले नत्र मिळवते. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यात दवबिंदूच्या कुळावरील प्रयोगांचा वाटा फार मोठा आहे. निळ्या-जांभळ्या फुलांची सीतेची आसवे ही वनस्पती दिसायला नाजूक. पण तिला खरी मुळेच नसतात. ओल्या मातीत दडलेल्या तिच्या इवल्या पिशव्यांची झडप सेकंदाच्या अल्पांशात उघडते आणि सूक्ष्म जीव पाण्यासकट आत ओढले जातात. पिवळ्या फुलांचा कवला शिकार करत नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतले नत्र त्याला वापरता येईल अशा रूपात बांधून देतात. तुतारी ही वनस्पती शेजारच्या गवताच्या मुळांतून पाणी व क्षार काढून घेते, मात्र हिरव्या पानांनी स्वतःचे अन्नही बनवते. खडकाने निर्माण केलेली एकच उणीव या वनस्पतींना कीटक, जीवाणू आणि शेजारी यांच्याशी अशी वेगवेगळी नाती जोडायला लावते. अजैविक आणि जैविक घटक वेगळे शिकवले जातात ते सोयीसाठी. जमिनीवर ते एकमेकांत गुंतलेले असतात.

परागण आणि बीजनिर्मिती हे त्याच गुंत्याचे पुढचे धागे. कंदीलपुष्पांच्या नळीत गंधाने ओढल्या गेलेल्या बारीक माश्या खालच्या दिशेने वळलेल्या केसांमुळे अडकतात. केस सुकले की त्या पराग घेऊन सुटतात. टोपली कारवी साधारण सात वर्षांनी एकदम बहरते. एकाच हंगामात अमाप बी तयार झाल्याने ते खाणाऱ्या प्राण्यांना पुरून उरते, असे या सामूहिक बहराचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

चराईकडे बहुतेकदा निव्वळ नासाडी म्हणून पाहिले जाते. कासच्या बाबतीत ते अपुरे आहे. गुरे उंच गवत खाऊन कमी करतात, तेव्हा बुटक्या फुलझाडांपर्यंत ऊन पोहोचते. पर्यटकांना आवर घालण्यासाठी इथे कुंपण घातल्यावर गुरांचीही वाट अडली आणि माजलेले गवत फुलांना झाकोळते, अशी तक्रार पुढे आली. अर्थात प्रमाणाबाहेरची चराई रोपे मुळासकट नष्ट करते, हेही तितकेच खरे.

पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांमध्ये २०१२ साली कासचा समावेश झाला. फुले पाहायला येणाऱ्यांची पावले हाही आता इथला एक जैविक घटक आहे. ओली माती तुडवली गेली की तिच्यातल्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते आणि आधीच पातळ असलेला थर आणखी झिजतो. तो थर पुन्हा तयार व्हायला लागणारा काळ माणसाच्या आयुष्याहून कितीतरी मोठा असतो.