टॅरंटुलाचे संगोपन

अंधेरी, घाटकोपर वा मुलुंडच्या सदनिकेत ज्या कोणाला काचेच्या पेटीत टॅरंटुला कोळी पाळण्याची हौस असेल, त्याने प्रथम हे मनाशी पक्के करावे, की या प्राण्याची शुश्रूषा म्हणजे बहुतांशी त्याला उपद्रव न देणे होय. त्याची दृष्टी मंद, कान मुळीच नाहीत, आणि पायांवरील सूक्ष्म केसांना जाणवणाऱ्या कंपनांवरच त्याचा सारा व्यवहार चालतो; म्हणून त्याची पेटी कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी ठेवणे हा त्या जिवावर मोठाच अन्याय ठरतो. त्याला हातावरही घेऊ नये, कारण हातातून फरशीवर पडल्यास त्याचे नाजूक उदर फुटते.

त्याचा आहार अल्प असतो. प्रौढ कोळ्यास आठवड्यातून एकदा आणि पिल्लास दोनदा रातकिडा अगर पैदाशीतले झुरळ द्यावे. मात्र भक्ष्य त्याच्या उदराहून मोठे नसावे, आणि न खाल्लेले दुसऱ्या दिवशी काढून टाकावे. स्वयंपाकघरातले झुरळ फुकट मिळते खरे, पण आपल्या इमारतींतून कीटकनाशकांची फवारणी सर्रास होत असल्याने त्याच्या पोटी विष असण्याचा संभव असतो. उथळ वाटीत स्वच्छ पाणी मात्र नित्य असावे.

सर्वांत कसोटीचा काळ कात टाकण्याचा. तत्पूर्वी तो अन्न नाकारतो, त्याचे उदर काळवंडते, आणि मग रेशमी आस्तरण विणून तो त्यावर उताणा पडतो. नवखा पालक तो मेला असे समजून त्याला पालथा करू पाहतो, आणि नेमके तेच घातक ठरते. वस्तुतः मरणोन्मुख कोळी पाय पोटाखाली आवळून घेतो, उताणा पडत नाही. काही वेळाने पाठीवरचे कवच उचकटते आणि हातमोज्यातून बोटे निघावीत तसे आठही पाय जुन्या आवरणातून हळूहळू बाहेर येतात. पूर्वी एखादा तुटला असल्यास तोही पुन्हा उगवू लागतो. विषदंत प्रथम पांढरे, मग तांबूस, शेवटी काळे होतात, आणि ते काळे होईपर्यंत त्याला अन्न देऊ नये, कारण पेटीत राहिलेला रातकिडा त्याचे मऊ शरीर कुरतडून टाकू शकतो.

आपल्या हवामानात पेटी तापविण्याची तजवीज सहसा करावी लागत नाही, चिंता पावसाळ्याची. पेटीस दोन्ही बाजूंनी वायुवीजन नसेल तर तळाशी अंथरलेल्या नारळाच्या काथ्याच्या भुशावर बुरशी चढते. शिवाय डासांसाठी महानगरपालिकेची धूरफवारणी गल्लीत आली, की खिडक्या तत्काळ मिटून घ्याव्यात. तो धूर कोळ्यासही विषारी असतो.

सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणारे पोइसिलोथेरिया वंशातील देखणे कोळी पाहून ते उचलून आणण्याचा कोणास मोह होईल. पण त्याच वंशातील, प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९९ साली वर्णिलेली, आंध्र प्रदेशातील निळी जात आज अतिसंकटग्रस्त गणली जाते. शिवाय बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कोणताही वन्यजीव उचलून नेण्यास १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाची मनाई आहे, आणि ती मला सर्वथा रास्त वाटते. मेक्सिकोतील ब्रॅकिपेल्मासारख्या, वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारातील परदेशी जाती जवळ बाळगणाऱ्याने, याच अधिनियमाच्या २०२२च्या दुरुस्तीनुसार, केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर त्यांची नोंद करणे आणि जन्म, मृत्यू व हस्तांतरणाची वर्दी देणे बंधनकारक आहे. मादी नीट निगा राखल्यास वीस वर्षे जगू शकते, तर नर प्रौढ झाल्यावर फार काळ टिकत नाही. तेव्हा खरेदी करताना नर की मादी हे विचारावे, आणि प्राणी पैदाशीतला असल्याचे लेखी घेऊनच पेटी घरी आणावी.