चित्रपटाच्या चित्रणोत्तर कामातील डेटा-संचय : विश्वसनीयता व खर्च

चित्रपट जोवर फिल्मवर चित्रित होत असे, तोवर मूळ निगेटिव्ह ही हाताने उचलून ठेवता येणारी वस्तू होती. ती प्रयोगशाळेत धुतली जाई, तेथेच जपली जाई आणि संकलक आपले काम तिच्या प्रिंटवर करीत असे. त्याच्या हातून प्रिंटला ओरखडा पडला तरी मूळ शाबूत राही. डिजिटल चित्रणात ही वाटणी उरलेली नाही. कॅमेऱ्यातील कार्ड रिकामे करून दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरले जाते. म्हणजे कार्डावरून जी पहिली नक्कल उतरविली जाते तीच त्या क्षणापासून निगेटिव्ह ठरते. यास्तव साठवणीच्या साधनाची निवड ही निव्वळ यंत्रखरेदीची बाब नव्हे.

प्रथम प्रश्नाचे आकारमान पाहावयास हवे. ४०९६ × २१६० बिंदूंच्या चौकटीत सुमारे ८८ लक्ष ४७ हजार बिंदू असतात. दहा-बिट डीपीएक्स पद्धतीत प्रत्येक बिंदूस ४ बाइट लागतात. म्हणजे एका चौकटीस ३५ मेगाबाइटांहून थोडे अधिक, सेकंदाच्या २४ चौकटींस सुमारे ८५० मेगाबाइट आणि तासाला ३ टेराबाइट. वीस तासांचे चित्रण याच रूपात ठेवावयाचे म्हटले तर ६० टेराबाइट झाले. तेच चित्रण ३८४० × २१६० आकारात प्रोरेस ४२२ एचक्यू या संक्षिप्त रूपात ठेवल्यास तासाला सुमारे ३२० गिगाबाइट पुरतात.

हे आकडे ऐकून नवखा निर्माता सर्वांत वेगवान व सर्वांत मोठे साधन शोधू लागतो. वस्तुतः येथेच पैसा व्यर्थ जातो. संकलनासाठी प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, वापरल्या तर तासाला १६ गिगाबाइट पुरतात आणि वीस तासांचे सारे चित्रण एका साध्या एसएसडीवर मावते. पूर्ण दर्जाच्या चौकटी वेगाने वाचण्याची गरज पडते ती कलर ग्रेडिंगच्या वेळी, आणि तीही संकलित चित्रपटात राहिलेल्या दृश्यांपुरतीच. दोन तासांच्या चित्रपटास त्यासाठी ६ टेराबाइट व थोडी जास्तीची जागा लागते. साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला २०० ते २५० मेगाबाइट असतो; तेव्हा चार-पाच डिस्क एकत्र जोडल्यावाचून हे काम होत नाही, हे खरे. पण वेगवान जागा थोडी लागते आणि सुरक्षित जागा पुष्कळ; या दोन गरजा एकाच यंत्राकडून भागविण्याचा हट्ट महाग पडतो.

डिस्क एकत्र जोडण्याच्या रेड या पद्धतीविषयी मोठाच गैरसमज आढळतो. रेड-५ मध्ये एक डिस्क निकामी झाली तरी उरलेल्या डिस्कांवरील माहितीवरून तिच्यावरील डेटा पुन्हा काढता येतो. तथापि १६ टेराबाइटांच्या आठ डिस्कांपैकी एक गेली तर उरलेल्या सात डिस्कांवरील ११२ टेराबाइट बिनचूक वाचावे लागतात, आणि नव्या डिस्कवर लेखन होण्यास निदान बावीस तास जातात. तेवढ्या अवधीत दुसरी डिस्क गेली तर सारेच गेले. म्हणून मोठ्या डिस्कांसाठी दोन डिस्कांची हानी सोसणारी रेड-६ पद्धतच घ्यावी. इतके करूनही रेड म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल ती तत्परतेने सर्व डिस्कांवरून पुसते.

१९९८ साली ‘टॉय स्टोरी २’च्या निर्मितीत नेमके हेच घडले. एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइली पुसल्या गेल्या. राखीव प्रतींची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नसल्याचे प्रत परत आणण्याच्या वेळी उघडकीस आले. पर्यवेक्षक तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सुसमन घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून काम वाचले. जी प्रत कधी परत उतरवून पाहिलेली नाही, तिची गणना प्रतींत करू नये. कार्डावरून नक्कल करतानाच प्रत्येक फाइलचा चेकसम काढून तो जुळवून पाहावा. याला वेळ लागतो, पैसा जवळजवळ लागत नाही.

एक प्रत अन्य इमारतीत असावी, हेही तितकेच आवश्यक. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या भांडारास आग लागली, तेव्हा एका जागी ठेवलेली रिळे एकदमच गेली. दूरच्या प्रतीसाठी क्लाउड सोयीचा वाटतो. परंतु सेकंदाला १०० मेगाबिटांच्या जोडणीवरून ६० टेराबाइट पाठविण्यास ५५ दिवस लागतात, आणि पुष्कळ ठिकाणी डेटा परत घेण्याचेही शुल्क पडते. एसएसडी विजेवाचून कपाटात ठेवून देण्याची वस्तू नव्हे. तीतील विद्युत्भार कालांतराने ओसरतो, आणि उष्ण हवेत अधिक लवकर.

उरते ती चुंबकीय फीत. एलटीओ-९ च्या एका काडतुसात १८ टेराबाइट मावतात. ६० टेराबाइटांस चार काडतुसे पुरतात. काडतूस स्वस्त, पण लेखनयंत्र मात्र लाखांच्या घरात. म्हणून एकच चित्रपट करणाऱ्या मंडळीने यंत्र विकत न घेता फीत लिहून देणाऱ्या संस्थेकडून हे काम करवून घेणे किफायतीचे. २०१० पासूनच्या एलटीएफएस पद्धतीने लिहून घेतल्यास पुढे ती फीत कोणाही एका विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून राहत नाही.

फीत तीस वर्षे टिकते असे उत्पादक सांगतात. यंत्राविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. एलटीओ-७ पर्यंतची यंत्रे मागील दोन पिढ्यांच्या फिती वाचीत; एलटीओ-८ व ९ केवळ एकाच मागील पिढीची वाचतात, आणि २०२५ मध्ये आलेले एलटीओ-१० यंत्र मागील कोणतीच वाचत नाही. अमेरिकेतील ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २००७ च्या अहवालात फिल्मवरील मूळ प्रत जपण्याचा वार्षिक खर्च १,०५९ डॉलर, तर ४के डिजिटल प्रतीचा १२,५१४ डॉलर दिला होता. साठवण त्यानंतर पुष्कळ स्वस्त झाली. पण काही वर्षांनी नव्या फितीवर पुनर्लेखन करण्याचा खर्च आजही चित्रपटाच्या अंदाजपत्रकात क्वचितच धरला जातो.