शाकंभरी पौर्णिमेचा मसाल्याचा चहा

पौषाची पौर्णिमा आली म्हणजे मुंबईत प्रभादेवी येथे देवीची यात्रा भरते. या पौर्णिमेस शाकंभरी पौर्णिमा म्हणतात. शाकंभरी ही भाजीपाल्याची, कंदमुळांची देवता. तेव्हा हा सण इतर कोणाहीपेक्षा शेतकऱ्याचा अधिक, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. प्रभादेवीस लागूनच दादरचे पोर्तुगीज चर्च आहे. त्याची स्थापना १५९६ मधील. तेथील नाताळ आटोपतो न आटोपतो तोच इकडे यात्रेचे पाळणे उभे राहू लागतात. या दिवसांत मुंबईस असलेल्या आपल्या भाऊबंदांच्या घरी गावाकडची मंडळी उतरतात, रात्री जागरणे होतात, आणि पंचवीस-पन्नास माणसांस एकदम काय प्यावयास द्यावे, हा प्रश्न यजमानापुढे उभा राहतो.

या प्रश्नास या किनाऱ्यावर पूर्वी एक सोपे उत्तर होते. दादर-माहीमचा हा पट्टा एके काळी माडांच्या वाड्यांनी भरलेला होता आणि माडी काढणे हा येथील भंडारी समाजाचा परंपरागत धंदा होता. माडीपासून अरक निघे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसांचे एक पेय उचलले व त्यास ‘पंच’ हे नाव दिले. ते आपल्या ‘पाच’ या शब्दावरूनच आले, असे बहुधा मानले जाते. युरोपात नाताळच्या थंडीत दालचिनी-लवंग घालून ऊन केलेला द्राक्षमद्याचा प्याला देतात, तोही याच जातीचा. जर्मनीत मात्र लहान मुलांकरिता तेथे मद्याच्या जागी फळांचा रस व चहा घालण्याची रीत आहे. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी झाली आणि पुढे १९४९ मध्ये त्याविषयी निराळा कायदा झाला. कायद्याने काय साधले व काय साधले नाही, या वादात आम्ही येथे शिरत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की त्या पाच जिनसांतून अरक वगळून त्या जागी चहा घातला, तर राहिलेल्या जिनसा बहुतेक आपल्याच शेतातल्या आहेत, आणि जे पेय होते ते आजीबाईंपासून नातवंडांपर्यंत सर्वांच्या हाती निःसंकोच देता येते. अगदी लहान मुलांस द्यावयाचे असल्यास चहापत्ती घालण्यापूर्वीचा काढा वेगळा काढून ठेवावा.

आमच्या अनुभवाचे पन्नास कपांचे प्रमाण असे. पाणी साडेपाच लिटर, आले शंभर ग्रॅम, ताजा गवती चहा सव्वाशे ग्रॅम, तुळशीची मूठभर पाने, दालचिनी पंधरा ग्रॅम, वेलदोडे दहा ग्रॅम, मिरी पाच ग्रॅम, लवंगा तीन ग्रॅम, अर्धे जायफळ, गूळ सुमारे अर्धा किलो, चहापत्ती पन्नास ग्रॅम, पाच-सहा लिंबे आणि चिमूटभर मीठ. लवंग याहून वाढवू नये. ती बाकी सर्वांचा वास दडपून टाकते.

आले ठेचून थंड पाण्यातच घालावे व पाणी तापत ठेवावे. दालचिनी, मिरी व लवंगा खलबत्त्यात जाडसर कुटून त्यातच टाकाव्या. पूड करू नये. पुडीने पेय गढूळ होते आणि तळाशी चोथा बसतो. उकळी फुटल्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे राहू द्यावे, कारण मुळे व साली यांचा अर्क सावकाश उतरतो. गवती चहाचे याच्या नेमके उलट आहे. त्याचा लिंबासारखा सुगंध सिट्रल नावाच्या द्रव्याचा असून तो वाफेबरोबर उडून जातो. पुष्कळ घरी गवती चहा आरंभापासून उकळतात. मग साऱ्या चाळीस वास येतो, पण कपात काही उरत नाही! सबब गवती चहा, तुळस व ठेचलेले वेलदोडे शेवटच्या तीन मिनिटांत घालावे, लगेच टोप खाली उतरवावा, चहापत्ती टाकावी आणि घट्ट झाकावे. चार मिनिटांनी गाळावे. चहापत्ती चुलीवर रटरटू दिली तर तुरटपणा येतो, आणि तो गूळ वाढवून जात नाही. गूळ थोड्या ऊन पाण्यात विरघळवून, फडक्यातून गाळून, मग मिसळावा. लिंबाचा रस सर्वांच्या शेवटी. जायफळ वरून किसून.

भांड्याविषयी एक गोष्ट निक्षून सांगतो. तांब्या-पितळेचा टोप कल्हई उडालेला असेल तर त्यात लिंबाचे आंबट पेय मुळीच ठेवू नये. धातू पेयात उतरतो व तो बाधतो. स्टेनलेस स्टीलचा टोप घ्यावा.

आमच्या काही वाचकांस बिनदुधाचा चहा म्हणजे पाहुण्यांचा अपमान वाटेल. त्यांनी दूध अवश्य घालावे, पण लिंबू वगळावे, चहापत्ती दुप्पट घ्यावी आणि गुळाविषयी सावध राहावे. एका जागरणात आम्हीच उकळत्या दुधाच्या चहात गुळाचे खडे टाकले आणि पाहता पाहता सारा टोप नासला. रात्री अकरा वाजता चाळीस माणसे बसलेली, आणि पुन्हा दूध आणावयास दुकान उघडे नाही! गुळात थोडी आम्लता असते, आणि उकळत्या दुधास तेवढी पुरते. म्हणून गूळ मसाल्याच्या पाण्यात विरघळवावा, दूध निराळे तापवावे, दोन्ही खाली उतरवून मगच एकत्र करावी व पुन्हा उकळू नयेत. कच्च्या आल्याच्या रसानेही दूध फाटते. तो गुण उकळल्याने जातो, म्हणून आले नेहमी आधी पाण्यात शिजवावे. बाकी जत्रेच्या गर्दीत बिनदुधाचाच प्रकार सोयीचा. तो दोन-तीन तास ठेवला तरी बिघडत नाही.

मधुमेहाच्या माणसास गूळ साखरेइतकाच वर्ज्य आहे. त्यांच्याकरिता गूळ घालण्यापूर्वी काही कप बाजूस काढावे. कित्येक जण जेष्ठमध घालतात. रक्तदाब असणाऱ्यांस तो चालत नाही, म्हणून आम्ही तो यादीत धरला नाही.

आता आमच्या खऱ्या विषयाकडे येतो. मुंबईतील मंडळे व घरे हा चहा बहुधा बाजारच्या तयार पुडीवर करतात. त्या पुडीत काय आहे हे घेणाऱ्यास दिसत नाही. दालचिनी म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा जाड सालीचे कॅशिया असते. खरी दालचिनी कागदासारखी पातळ, एकात एक गुंडाळलेली व बोटांनी मोडणारी असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात दिलेली आहे आणि ती माडाच्या बागेत आंतरपीक म्हणून येते. जायफळही तसेच, मात्र बियांच्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात, म्हणून कलमे लावावी. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेले आले आठ-नऊ महिन्यांनी, म्हणजे नेमके पौषाच्या तोंडावर, काढणीस येते. साताऱ्याकडे ‘माहीम’ या नावाची जी जात लावतात तिला स्वाद चांगला असतो. गुऱ्हाळेही त्याच वेळी चालू असतात. गूळ देताना पिवळ्या रंगाच्या मोहाने हायड्रॉस घालू नये. या चहास तांबूस काळसर गूळच शोभतो.

गवती चहा तर बांधावर, पाटाच्या कडेला येणारे गवत. दादरच्या बाजारात त्याच्या जुड्या विकल्या जातात, परंतु उशिरा पोहोचलेली जुडी पिवळी पडलेली असते. कापणी संध्याकाळी करावी, ओल्या गोणपाटात गुंडाळून रातोरात पाठवावी. उरलेली पात उन्हात न वाळविता सावलीत वाळवावी म्हणजे रंग व वास टिकतो.

आमची सूचना अशी, की एखाद्या गावच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून पन्नास कपांची एकच जुडी बांधावी: आले, गवती चहा, तुळस, दालचिनीचे तुकडे, अर्धे जायफळ, लिंबे व गुळाचा खडा, आणि वर कृतीचा कागद. वेलदोडे, मिरी, लवंगा व चहापत्ती घेणाऱ्याने घ्यावी. आले एकटे बाजारात नेले तर भाव पडलेल्या वर्षी वाहतूकही सुटत नाही. जुडीत ते शंभर ग्रॅम जाते, पण जुडीचा भाव आपण ठरवितो. पहिल्या वर्षी शंभर जुड्यांहून अधिक बांधू नये, आणि यात्रेच्या आधी दोन दिवस प्रभादेवीतील ओळखीच्या घरी एक टोप करून पाजावा. ज्या सभासदांस यंदा हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी गवती चहाचे बेट मार्गशीर्षात एकदा कापून पाणी द्यावे, म्हणजे पौर्णिमेपर्यंत कोवळी पात मिळेल.