दाढदुखी आणि लवंगेचे तेल



गळीत हंगाम ऐन भरात असावा आणि नेमकी तेव्हाच दाढ ठणकावी! उसाची टोळी फडात उतरलेली, दवाखान्याला सवड कुणाला? मग कोनाड्यातली लवंगेच्या तेलाची बाटली काढायची अन् बोटाने चोळायचे. मीही एका हंगामात तेच केले. ठणका थांबला खरा, पण हिरडी भाजून पांढरी पडली आणि चार दिवस भाकरी दुधात कुस्करून खावी लागली.

लवंग म्हणजे न उमललेली, वाळवलेली कळी. तिचे मूळ इंडोनेशियातील मोलुक्का बेटांत. आपल्याकडे कन्याकुमारी भागात आणि केरळात तिच्या बागा आहेत. तिच्या तेलातील मुख्य द्रव्य युजेनॉल. दाढ बधिर करते ते हेच, अन् हिरडी भाजते तेही हेच. दाताचे डॉक्टर झिंक ऑक्साइडच्या भुकटीत ते कालवून तात्पुरते भरण करतात.

लवंगेत तेल वजनाच्या 15 ते 20 टक्के. म्हणजे चहाच्या चमचाभर तेलात सुमारे 30 ग्रॅम, काही शे लवंगा उतरलेल्या असतात. दाढेखाली एक लवंग धरणे निराळे आणि तेल निराळे, ते एवढ्यासाठी. भातात, मसाल्यात खुशाल घाला. तेल मात्र थेंबाने मोजावे : चमचाभर गोडेतेलात एक-दोन थेंब, कापसाचा बोळा, तो फक्त किडक्या दाढेवर, आणि लाळ थुंकून टाकायची. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

खरी धास्ती लहान मुलांची. दीड-दोन वर्षांच्या मुलांनी 5 ते 10 मिलिलिटर तेल पिऊन बेशुद्ध होणे, झटके येणे, यकृताला इजा होणे, असे प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. घरात असो वा कोपीवर, बाटली गुटीच्या औषधाशेजारी ठेवू नये. दात येणाऱ्या बाळाच्या हिरडीलाही हे तेल लावू नये. मुलाने तेल प्यायलेच तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. तेल फुप्फुसात जाते. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा.

तेलाने दुखणे दबते, कीड तशीच राहते. गाल सुजला, ताप आला किंवा तोंड उघडेना, तर त्याच दिवशी टोळी मुकादमाच्या हवाली करून डॉक्टरांकडे जावे.