उकड्या तांदळाचे मोल

अन्नाची पारख करताना माणूस बहुधा डोळ्यांवर विसंबतो. तांदूळ जितका पांढरा व तुकतुकीत, तितका तो उंची मानला जातो. उकडा तांदूळ या कसोटीला उतरत नाही. त्याचा रंग किंचित पिवळसर किंवा तांबूस असतो, त्याला स्वतःचा असा एक वास असतो आणि तो शिजायलाही अधिक वेळ लागतो. तरीही पोषणशास्त्राच्या इतिहासात या साध्या धान्याला मिळालेले स्थान फार थोड्या खाद्यपदार्थांच्या वाट्याला आले आहे. बेरीबेरी नावाच्या प्राणघातक रोगापासून त्याने भारतातील असंख्य कुटुंबांचे पिढ्यान्‌पिढ्या रक्षण केले, आणि तेही खाणाऱ्यांना वा रांधणाऱ्यांना त्याची कल्पना नसताना.

तांदळाचे हे दोन प्रकार जवळजवळ सर्व भातखाऊ प्रदेशांत ओळखले जातात. बंगालमध्ये त्यांना ‘सिद्ध’ आणि ‘आतप’ म्हणतात. बिहारमध्ये ‘उसना’ आणि ‘अरवा’. तमिळनाडूत ‘पुळुंगल’ आणि ‘पच्चरिसि’. तर कोकणात व गोव्यात ‘उकडा’ आणि ‘सुरय’. यांपैकी पहिला प्रकार तयार करण्याची रीत सर्वत्र सारखीच आहे. साळ प्रथम पाण्यात भिजत घालतात, नंतर ती तुसासकट उकळतात किंवा वाफवतात, उन्हात वाळवतात आणि मग सडतात. दुसऱ्या प्रकारात साळ नुसती वाळवून सडली जाते. उकडण्याची प्रथा रूढ होण्याची कारणे सरळ व्यवहाराची होती. उकडलेल्या साळीचे तूस चटकन सुटते, दाणा कठीण झाल्यामुळे कणी कमी पडते आणि साठवणीत कीड लवकर लागत नाही. या प्रथेचा आरोग्याशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

एका रोगाचे कोडे

बेरीबेरी हा पूर्व आणि आग्नेय आशियातील जुना रोग. त्यात पायांना मुंग्या येतात, ते बधिर व दुबळे होतात आणि हळूहळू चालणे अशक्य होते. रोगाच्या दुसऱ्या प्रकारात अंगाला सूज येते, धाप लागते आणि हृदय बंद पडून रोगी दगावतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या शक्तीवर चालणाऱ्या भातगिरण्या वाढल्या. स्वच्छ, पांढरा तांदूळ स्वस्तात व मुबलक मिळू लागला आणि त्याबरोबर या रोगाचा प्रसारही वाढला. आरमारी जहाजे, सैनिकी बराकी, तुरुंग, खाणी अशा ठिकाणी, जेथे माणसे मुख्यतः अशा तांदळावर जगत होती, तेथे त्याने थैमान घातले. जपानच्या ‘र्‍यूजो’ या युद्धनौकेवरील ३७६ जणांपैकी १६९ जणांना १८८२-८३ च्या सफरीत बेरीबेरी झाला आणि २५ जण मृत्युमुखी पडले. जपानी आरमाराचे वैद्य ताकाकी यांनी त्यानंतर खलाशांच्या आहारात मांस, सातू आणि भाज्या यांची भर घातली, तेव्हा हा रोग आरमारातून जवळजवळ नाहीसा झाला. आहारात प्रथिने कमी पडत असावीत, अशी ताकाकींची समजूत होती. त्यांचा उपाय बरोबर होता, पण कारण वेगळे होते.

त्या कारणाचा माग जावा बेटावर लागला. क्रिस्तियान आइकमान हे डच वैद्य बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जकार्तात, या रोगाच्या जंतूंचा शोध घेत होते. प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडू लागले आणि काही महिन्यांनी त्या तितक्याच अचानकपणे बऱ्या झाल्या. चौकशीअंती असे कळले की, मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने तो देण्याचे नाकारल्यावर त्यांना पुन्हा हलक्या प्रतीचा, कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला होता. आइकमान यांचे स्नेही फोर्डरमान यांनी मग जावामधील सुमारे शंभर तुरुंगांची पाहणी केली. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, पांढरा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत दर ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी झालेला होता. कोंडा न काढलेला तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत हे प्रमाण दहा हजारांत एक इतके अल्प होते. तांदळात एखादे विष असावे आणि कोंड्यात त्यावरील उतारा असावा, असे आइकमान यांना प्रथम वाटले. विष मुळी नाहीच, कोंड्याबरोबर शरीराला आवश्यक असा एखादा पदार्थ निघून जातो, हा विचार त्यांचे सहकारी ग्रिन्स यांनी १९०१ मध्ये मांडला.

याच सुमारास मलायातील इंग्रज वैद्यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. तेथील कथिलाच्या खाणींत काम करणारे चिनी मजूर सयामचा पांढरा तांदूळ खात आणि बेरीबेरीने मरत. त्याच हवापाण्यात राहणारे तमिळ मजूर मात्र या रोगापासून बहुतांशी मुक्त होते. ते भारताकडून येणारा उकडा तांदूळ खात असत. विल्यम फ्लेचर यांनी १९०५ मध्ये क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात रुग्णांचे दोन गट करून एकाला पांढरा आणि दुसऱ्याला उकडा तांदूळ दिला. बाकीचा आहार सारखाच ठेवला. वर्षभरात पहिल्या गटातील तीसहून अधिक रुग्णांना बेरीबेरी झाला आणि त्यांपैकी १८ दगावले. दुसऱ्या गटात दोनच रोगी आढळले आणि तेही रुग्णालयात येतानाच रोग घेऊन आलेले होते.

भारतातील रोगाचा नकाशा

भारतात हा रोग सर्वत्र पसरलेला नव्हता. दक्षिणेत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये बेरीबेरीच्या चौकशीचे काम सुरू केले. पुढे त्यातूनच जी पोषण-संशोधनाची संस्था वाढली ती १९५८ मध्ये हैदराबादला हलवण्यात आली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. मॅककॅरिसन आणि त्यांच्यानंतर आलेले ॲक्रॉइड यांच्या पाहण्यांतून असे दिसून आले की, बेरीबेरीचे मुख्य क्षेत्र म्हणजे तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील ‘उत्तर सरकार’ हा आंध्रचा किनारी पट्टा होता. तमिळ प्रदेश, मलबार आणि बंगाल येथील गरीब लोकही भातावरच जगत होते आणि त्यांचा आहार काही अधिक समृद्ध नव्हता. तरीही तेथे हा रोग क्वचितच आढळे. फरक होता तो तांदळाचा. आंध्रच्या किनाऱ्यावर गिरणीत सडलेला, न उकडलेला तांदूळ खाण्याची रीत होती. इतरत्र सामान्य जनता उकडा तांदूळ खात होती.

कोंड्यातील तो अज्ञात पदार्थ १९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी जावामध्येच शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळवला. १९३६ मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी त्याची रासायनिक रचना उलगडून तो प्रयोगशाळेत तयार केला. विल्यम्स यांचा जन्म आंध्रच्या किनारपट्टीवरील नेल्लोरचा, हा योगायोग लक्षणीय आहे. हाच पदार्थ म्हणजे थायामिन किंवा ब१ जीवनसत्त्व. पिठूळ अन्नापासून शक्ती निर्माण करण्याच्या क्रियेत शरीराला त्याची गरज लागते. म्हणून जो अधिक भात खातो त्याला थायामिनही अधिक लागते. शरीरात त्याचा साठा मात्र दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो.

उकडण्याने काय घडते

तांदळाच्या दाण्यातील थायामिन बव्हंशी कोंड्याच्या थरात आणि अंकुरात असते. गिरणीत दाणा घासला गेला की हे दोन्ही भाग निघून जातात आणि मागे राहतो तो मुख्यतः पिठूळ गर. साळ भिजवून उकडली असता पाण्यात विरघळणारे हे जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या आतील भागात शिरते. उष्णतेने पिठूळ कण फुगून एकजीव होतात आणि वाळल्यावर दाणा काचेसारखा कठीण बनतो. नंतर कोंडा घासून काढला तरी आत शिरलेले थायामिन बऱ्याच प्रमाणात तेथेच राहते.

आकड्यांवरून हे अधिक स्पष्ट होईल. भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांच्या कोष्टकांनुसार गिरणीत सडलेल्या साध्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ०.०६ मिलिग्रॅम थायामिन असते. गिरणीतल्याच उकड्या तांदळात ते सुमारे ०.२१ मिलिग्रॅम असते. हातसडीच्या साध्या तांदळातही ते जवळजवळ तेवढेच आढळते. प्रौढ माणसाची दैनंदिन गरज सामान्यतः एक ते दीड मिलिग्रॅम असते. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याला साध्या पांढऱ्या तांदळातून पाव मिलिग्रॅमही मिळत नाही; उकड्या तांदळातून ०.८ मिलिग्रॅमहून अधिक मिळू शकते. वरणभाताबरोबर पुरेशी डाळ, शेंगदाणे वा भाज्या खाणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. ज्याच्या पानात भाताखेरीज फारसे काही नसते, त्याच्या बाबतीत मात्र तो जीवनमरणाचा प्रश्न ठरतो. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या द्वारे गांधीजींनी वर्ध्याहून हातसडीच्या तांदळाचा आग्रहपूर्वक प्रचार केला, तोही याच जाणिवेतून.

चुलीपाशी होणारा नाश

बाजारातून आणलेल्या तांदळातील जीवनसत्त्व सगळेच पोटात जाते असे नाही. पांढरा तांदूळ चार-पाच पाण्यांनी चोळून धुतला की त्यातील उरल्यासुरल्या थायामिनचा बराच भाग मोरीत जातो. भरपूर पाण्यात शिजवून भात वेळला, म्हणजे वरचे पाणी गाळून टाकले, तर आणखी भाग नष्ट होतो. उकड्या दाण्यातून ते इतक्या सहज धुपून जात नाही. कोकणातील व गोव्यातील पेज या दृष्टीने मोठी शहाणपणाची आहे, कारण तिच्यात शिजवलेले पाणी टाकले न जाता भाताबरोबर प्यायले जाते. तांदूळ एक-दोनदा हलक्या हाताने धुवावा आणि मुरेल इतक्याच पाण्यात शिजवावा, एवढी काळजी कोणत्याही घरात विनाखर्च घेता येते.

बेरीबेरी ही केवळ इतिहासातील गोष्ट आहे, असे मानणे धोक्याचे ठरेल. २०१० नंतरच्या दशकात काश्मीर खोऱ्यातील डॉक्टरांनी दोन-तीन महिन्यांच्या, केवळ अंगावर पिणाऱ्या बालकांमध्ये एक गंभीर आजार नोंदवला. बाळ दूध तोडते, कण्हते, त्याला धाप लागते आणि काही तासांत ते अत्यवस्थ होते. थायामिनचे इंजेक्शन देताच अशी बालके आश्चर्यकारक रीतीने सावरली. त्यांच्या माता मुख्यतः पांढऱ्या तांदळावर राहत होत्या आणि तो अनेकदा धुऊन, पाणी वेळून शिजवण्याची पद्धत होती. बाळंतिणीला डाळी, भाज्या वर्ज्य करून नुसत्या भातावर ठेवण्याची प्रथा जेथे असेल तेथे हा धोका अधिकच वाढतो. आईच्या आहारात जे नाही ते तिच्या दुधातही उतरत नाही.

उकडा तांदूळ हे सर्व रोगांवरील औषध नव्हे. डाळी, पालेभाज्या, फळे, दूध यांची जागा तो घेऊ शकत नाही. मात्र ज्या घरात या वस्तू रोज येऊ शकत नाहीत, त्या घरात तांदूळ कोणता निवडावा आणि तो कसा शिजवावा, हा निर्णय महत्त्वाचा असतो. अशा घरातील गरोदर स्त्रीच्या आणि बाळंतिणीच्या पानात उकड्या तांदळाचा भात आणि त्याची पेज यांना पहिला मान मिळावयास हवा.