पावसात फटफटी, चिंचपोकळीत न्याहारी

लावणी उरकली, बांधावर उभे राहून पाण्याकडे बघण्यापलीकडे शेतात फारसे काम नाही, अशा दिवसांतच मुंबईची कामे निघतात. कोणाचा पेशंट परळला के.ई.एम.मध्ये किंवा टाटा रुग्णालयात असतो. कोणाला वडिलांच्या गिरणीतल्या नोकरीचे कागद घेऊन वांद्र्याला म्हाडात जायचे असते. सरपंच-ग्रामसेवक मंडळी मंत्रालयात फाईल कुठल्या टेबलावर अडली ते बघायला निघतात. एस.टी.ची वेळ जमत नाही, लोकलच्या गर्दीत गावाकडच्या माणसाचा जीव घुसमटतो. मग तुम्ही काय करता? नवी मुंबईत कोपरखैरण्याला नाहीतर पनवेलला पाहुण्याकडे रात्रीचा मुक्काम टाकता आणि पहाटे पहाटे फटफटीला किक मारता. बरोबर ना?

तर मंडळी, हा लेख तुमच्यासाठी आहे. काम कुठलेही असो, कचेऱ्या दहाच्या आत उघडत नाहीत. साडेसहा-सातला लालबाग-चिंचपोकळी गाठली तर न्याहारी निवांत होते, आणि ज्या भागाने आपल्या तीन पिढ्या पोसल्या तो भाग डोळ्यांखालून जातो.

घाटावरून थेट येणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारसायकलला मनाई आहे. तुम्हाला जुन्या महामार्गानेच, खोपोलीच्या घाटाने उतरायचे आहे. या घाटात शिंगरोबाचे देऊळ लागते. इंग्रजांना घाटातून वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगतात. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या अटल सेतूवरही दुचाकीला मनाई, मुंबईच्या सागरी किनारा मार्गावरही मनाई. सुरक्षेचे कारण खरेच आहे, पण एवढे पैसे ओतून नवे रस्ते बांधले आणि दुधाच्या किटल्या वाहणाऱ्याच्या गाडीला त्यातल्या एकावरही जागा ठेवली नाही, हेही तितकेच खरे. असो. आपला रस्ता जुनाच. पनवेल, वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर, शीव, दादर, परळ, लालबाग. पनवेलपासून चाळीसेक किलोमीटर भरतात.

खाडीपुलावर पावसाबरोबर वाराही आडवा येतो. हलकी गाडी असेल तर वेग कमी ठेवा आणि अवजड ट्रकच्या शेजारून जाण्याची घाई करू नका, कारण ट्रक पुढे सरकला की वाऱ्याचा फटका एकदम बसतो. पुलावरच्या लोखंडी सांध्यांवर आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यांवर ओल्यात ब्रेक दाबायचा नाही. पहिल्या पावसात तर रस्त्यावर सांडलेले तेल वर तरंगते, तेव्हा गाडी कशी सटकते ते साखर कारखान्याच्या रस्त्यावर मळी सांडल्यावर तुम्ही पाहिलेच असेल. हेल्मेट घाला. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते, मुंबईत २०२२ पासून त्यासाठीही पावती फाडतात. आणि कागदपत्रे दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधून अंगाशी ठेवा, डिकीत नको.

खरी परीक्षा दादर सोडल्यावर हिंदमाताला. हा भाग बशीसारखा खोलगट आहे. चारही बाजूंचे पाणी इथे येऊन बसते. महापालिकेने अलीकडे जवळच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधून पाणी साठवायची सोय केली आहे, त्याने फरक पडला. तरी जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली तर पाणी जाणार कुठे? भरतीच्या वेळी समुद्रच नाल्यांची तोंडे अडवतो. म्हणून निघण्यापूर्वी पाहुण्याला भरतीची वेळ विचारा, मुंबईकराला ती ठाऊक असते. पाणी साचलेले दिसले तर आत घालू नका. गावाकडच्या ओढ्याचा तळ आपल्याला माहीत असतो, इथला माहीत नसतो. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात डॉ. दीपक अमरापूरकर हे नामांकित पोटविकारतज्ज्ञ याच परिसरात, प्रभादेवीजवळ, साचलेल्या पाण्यातून पायी जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि गेले. सायलेन्सरमध्ये पाणी शिरून गाडी बंद पडलीच तर किक मारत बसू नये. बाजूला ढकलत न्या, प्लग पुसा, पाणी निथळू द्या.

परळ ओलांडले की वर लांबलचक उड्डाणपूल दिसेल. त्यावर चढू नका. चढलात तर लालबाग खालीच राहते आणि तुम्ही भायखळ्याला राणीच्या बागेशी उतरता. पुलाखालच्या रस्त्याने सावकाश या. भारतमाता सिनेमा दिसला की तुम्ही पोचलात. पुढे उजव्या अंगाला चिंचपोकळी स्टेशनचा पूल, पलीकडे ऑर्थर रोड. त्याचे नाव आता साने गुरुजी मार्ग आहे, पण ऑर्थर रोडचे तुरुंग म्हटल्याशिवाय कोणाला कळत नाही. प्रभादेवीचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हा तिकडची वाहने करी रोड आणि चिंचपोकळीच्या पुलांवर वळवली गेली. त्यामुळे साडेआठच्या आत या भागात पोचलेले बरे.

गाव कुठलं?

गाडी लावून, ओला रेनकोट झटकून तुम्ही कुठल्याही लहानशा मराठी हॉटेलात शिरा. लालबागला लाडू सम्राट प्रसिद्ध आहे. तिथली मिसळ, कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा खायला लांबून लोक येतात. पण गल्लीतल्या चार टेबलांच्या हॉटेलातही तुमचे काही अडत नाही. पोऱ्या फडके मारून पाण्याचा ग्लास ठेवतो. गल्ल्यावरचे काका तुमच्या गुडघ्यापर्यंत भिजलेल्या पँटीकडे बघतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘‘गाव कुठलं?’’

काय खाणार हे नंतर. आधी गाव. तुम्ही पाटण म्हणा, आजरा म्हणा, खेड म्हणा, संगमेश्वर म्हणा. शेजारच्या टेबलावरचे कोणीतरी मान वर करणारच. ‘‘आमच्या मामांचं गाव त्याच्या अलीकडं.’’ दुसरा विचारणार, ‘‘पाऊस कसाय तिकडं? लावणी झाली का?’’ एवढ्या मोठ्या शहरात पावसाची चौकशी लोकल बंद पडेल म्हणून करतात. इथे मात्र ती भाताच्या काळजीने होते. हा फरक बारकाईने बघण्यासारखा आहे.

त्याचे कारण तुम्हाला ठाऊक आहेच. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला उभारण्याचे ठरवले आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. कोकण, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर इथले तरुण गिरणीत आले. घरचा एक भाऊ शेतीवर, एक गिरणीत. गिरणीतल्या पगाराची मनीऑर्डर आली की बी-बियाणे, बैल, बहिणीचे लग्न. आणि गिरणीतला भाऊ आजारी पडला की हवापालटाला गावीच. अनेक गावांच्या ग्रामस्थ मंडळांनी चाळीत मिळून एकेक खोली घेतली. एका दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसे राहत. पाळी वेगवेगळी असल्याने झोपायची वेळही वेगवेगळी, म्हणून ते जमले. खुंटीला ट्रंकेची किल्ली, कोपऱ्यात गावदेवीचा फोटो.

पहिली पाळी सकाळी सातला. गिरणीचा भोंगा वाजायच्या आत चहा-पाव पोटात पडला पाहिजे, म्हणून इथली हॉटेले पहाटेच उघडत. दुपारचे-रात्रीचे जेवण खानावळीत. खानावळवाली म्हणजे बहुधा गिरणी कामगाराचीच बायको. सकाळपासून रात्रीपर्यंत भाकऱ्या थापायच्या, महिनाअखेर पैसे घ्यायचे. तोवर किराणा उधारीवर. वाण्याचे व्याज डोक्यावर. १९७४ च्या गिरणी संपात कामगारांचे पगार थांबले तरी या बायकांनी ताट थांबवले नाही. ते पाहून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. बचत गट हा शब्द आपल्या गावात यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. गावच्या बचत गटाच्या ताईंना ती जरूर सांगा.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो माणसे ट्रंका घेऊन गावी परतली, ती तुमच्याच गावात. ‘मुंबईवाले आबा’ म्हणून पारावर बसणारे, पावसाळ्यात खोकणारे म्हातारे तुम्ही पाहिले आहेत. आज गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आहेत.

मटकी आणि पाव

तेवढ्यात मिसळ येते. तर्री वेगळ्या वाटीत, वर फरसाण, कांदा, लिंबाची फोड, बाजूला दोन पाव. भिजून आलेल्या माणसाला पहिल्या घासाला नाकातून पाणी येते आणि अंगातली थंडी जाते. शेतकऱ्याच्या नजरेने ताटाकडे बघा. कांदा आपला. फरसाणातले बेसन हरभऱ्याचे. मटकी मात्र बहुतेक राजस्थानची, देशातली सर्वांत जास्त मटकी तिकडे पिकते. आपल्या दुष्काळी पट्ट्यात बाजरीत मटकी-हुलगा टाकायची रीत होती. सोयाबीन आले, ऊस आला, मटकी मागे पडली. दोन पावसांवर येणारे, जमिनीवर पसरून ओल धरून ठेवणारे हे पीक आपण सोडले आणि त्याचीच उसळ मुंबईत येऊन विकत खातो, याची गंमत वाटते आणि थोडे वाईटही. हलक्या मुरमाड तुकड्यावर एखादे वर्ष टाकून बघायला हरकत नाही, भाव बघूनच अर्थात.

पावाचीही गोष्ट बदलते आहे. मुंबईच्या बेकऱ्या लाकडाच्या भट्टीवर चालत आल्या. धुराच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. हवा स्वच्छ हवीच. लहान बेकरीवाल्याला भट्टी बदलण्याचा खर्च झेपतो का, हा प्रश्न मात्र या भागात चहाच्या टेबलावर अजून ऐकू येतो.

टेबलावर दुसरा विषय निघतो तो घरांचा. १ जानेवारी १९८२ नंतर गिरणीच्या पटावर असलेल्या कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना घर मिळावे, ही योजना आहे. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात आले. त्या मानाने सोडतीत लागलेली घरे फार थोडी. पुढे कर्जत तालुक्यातले शेलू आणि अंबरनाथ तालुक्यातले वांगणी इथे घरे देण्याचे ठरले. घर मुंबईतच हवे म्हणून ९ जुलै २०२५ रोजी कामगार आणि वारसांनी आझाद मैदानात मोर्चा काढला. तुमच्या गावात अशी घरे असतील तर ग्रामसेवक-तलाठी मंडळींनी एक उपकार करावा. मृत्यूचा दाखला, वारस नोंद, नावातली चूक दुरुस्ती, यासाठी म्हातारीला चार खेपा घालायला लावू नयेत. गिरणीच्या कागदावर ‘धोंडू बाळू’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘धोंडिराम बाळकृष्ण’, एवढ्यावर अर्ज अडतो. तसेच गावमंडळाच्या खोलीची भाडेपावती कोणाच्या नावावर आहे, ते ग्रामसभेत एकदा वाचून दाखवा. चाळी पुनर्विकासाला निघाल्या आहेत. ज्याच्या नावे पावती असलेला म्हातारा वारला आणि कागद कुणीच बदलले नाहीत, अशा खोल्यांवरून सख्ख्या गावकऱ्यांत वाद लागले आहेत.

गणपतीच्या तोंडावर येत असाल तर वार बघून या. चिंचपोकळीचे सार्वजनिक मंडळ १९२० चे, लालबागचा राजा १९३४ चा. चिंतामणीच्या आगमनाच्या दिवशी या रस्त्यावर मुंगीलाही वाट नसते, मोटारसायकलचे नाव काढू नका.

निघताना लालबागच्या मसाला गल्लीत घरच्यांसाठी थोडा मालवणी मसाला घ्या. उन्हाळ्यात इथे डंकांचा आवाज आणि मिरचीचा ठसका अनावर असतो, पावसाळ्यात दुकानदाराला बोलायला सवड असते. तोही विचारेल, गाव कुठलं. मसाला दोन पिशव्यांत बांधून मागा आणि रेनकोटच्या आत ठेवा. एका पिशवीत नेलात तर मानखुर्दपर्यंतच त्याचा गोळा होतो.